ड्रम काढून डिस्क : जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक बदलण्याआधी

पोराने सायकल हातात घेतली की घरातले कुणीतरी मोठे माणूस हमखास बजावते, "पुढचा ब्रेक दाबू नको रे, तोंडावर पडशील." हे बाळकडू इतके पक्के भिनते की मोटारसायकल चालवणारे कितीतरी जण जन्मभर उजव्या पायाच्या ब्रेकवरच विसंबून राहतात. पण वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरला बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला लावलेल्या मोटारसायकलींची रांग एकदा नीट पाहा. ज्या गाडीला एकच डिस्क आहे, तिची डिस्क पुढच्या चाकाला असते आणि मागे साधा ड्रम. उलटी मांडणी शोधूनही सापडायची नाही. चारचाकीतही तेच. स्वस्तातल्या मोटारींना पुढे डिस्क, मागे ड्रम. गॅरेजवाल्याला विचारा, तो सांगेल की पुढचे पॅड दोनदा बदलून होतात तेव्हा कुठे मागचे लायनर बदलायला येतात.

ज्या ब्रेकची आपल्याला भीती घातली, त्याच ब्रेकवर कंपन्या सगळा भरवसा का टाकतात?

हे कोडे सुटले की जुन्या गाडीच्या शौकिनांना नेहमी पडणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तरही हाती येते. घरी वडिलांची किंवा आजोबांची फियाट आहे, प्रेमाने राखलेली आहे, इंजिन अजून टुणटुणीत आहे. पण राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जामच्या चौकाकडे येताना पुढच्या ट्रकने ब्रेक मारला की पोटात गोळा येतो. मग कुणीतरी सुचवते, "पुढचे ड्रम काढ आणि डिस्क बसव." बसवावी का?

गाडी कोणती, आणि तिला काय होते

आपल्याकडे स्पोर्ट्स कारची परंपरा तशी तोकडीच. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन माणसांची, फायबरच्या बॉडीची छोटी गाडी १९९८ च्या सुमारास आली आणि फारशी न खपता गेली. त्यामुळे महाराष्ट्रात 'जुनी हौशी गाडी' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. तिचेच नाव पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. पद्मिनीला स्पोर्ट्स कार म्हटले तर कुणी हसेल. पण तिच्याच इटालियन घराण्यात, फियाट ११०० च्याच यंत्रसामग्रीवर, १९५५ मध्ये 'टीव्ही ट्रास्फॉर्माबिले' नावाची उघड्या टपाची दोन-दारी स्पोर्ट्स कार निघाली होती. तेव्हा रक्त त्याच वाणाचे आहे.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. चाक १४ इंची, इंजिन १०८९ सीसी, वजन माणसे धरून ढोबळमानाने हजार किलो. पुढचा सगळा हिशोब आपण याच हजार किलोंवर करू.

ब्रेक दाबला की वजन पुढे येते

गाडी उभी असताना समजा पुढच्या दोन चाकांवर ५०० किलो आणि मागच्या दोन चाकांवर ५०० किलो भार आहे. आता जोरात ब्रेक मारला. रस्ता टायरांना मागे ओढतो, तो जमिनीच्या पातळीवर. गाडीचे वजन मात्र जमिनीपासून अर्धा-पाऊण मीटर उंचीवर एकवटलेले असते आणि त्याला पुढेच जायचे असते. खालून मागे ओढ आणि वरून पुढे रेटा, या दोहोंच्या झोंबाझोंबीत गाडी नाक खाली घालते. आपल्याला ते बॉनेट झुकताना दिसते, एसटीत उभे असलो तर अंगावरच येते.

किती भार सरकतो, हे काढता येते. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर पद्मिनीत २३४ सेंटिमीटर आहे. वजनाचा मध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर बऱ्या टायरांनी जितका जोरात ब्रेक लागू शकतो, तितका लावला तर सुमारे १६५ किलो भार मागून पुढे येतो. म्हणजे पुढे ६६५, मागे ३३५. ज्या चाकावर भार जास्त, त्याच्या टायरची रस्त्यावरची पकड जास्त. त्यामुळे थांबवण्याचे दोन तृतीयांश काम पुढची चाकेच करू शकतात आणि मागच्यांना जास्त दाबायला गेलो तर ती नुसतीच घसरतात. दुचाकीची उंची जास्त आणि दोन चाकांतले अंतर कमी, म्हणून तिथे हा भार आणखी जास्त सरकतो. पोराला दिलेला सल्ला अगदीच खोटा नव्हता. हलक्या सायकलीवर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर मागचे चाक खरेच उचलले जाते. फक्त त्यातून 'पुढचा ब्रेक वाईट' हा निष्कर्ष चुकीचा निघाला.

एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे लागणार आहे. रस्ता ओला असेल तर ब्रेक इतका जोरात लागतच नाही, त्यामुळे भारही कमी सरकतो. पावसात पुढे जेमतेम ६०० किलो आणि मागे ४००.

पण थांबवतो कोण?

इथे गॅरेजच्या गप्पांमध्ये सर्वांत मोठी गल्लत होते. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर.

चाक फिरायचे बंद झाले आणि गाडी तशीच घसरत पुढे गेली, तर ब्रेकने आपले काम शंभर टक्के केलेले असते, कमी पडलेली असते ती टायरची पकड. म्हणून डिस्क घ्यायच्या आधी एक साधी परीक्षा. मोकळ्या, कोरड्या मैदानात ताशी ३०-४० च्या वेगाने गाडी नेऊन पेडल जोरात दाबा. पुढची चाके जागच्या जागी लॉक होत असतील, तर याहून मोठा ब्रेक लावून त्या टायरांवर गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. पैसे टायरवर घाला. जुन्या गाड्यांवर कित्येकदा दहा-बारा वर्षांचे, दगडासारखे टणक झालेले टायर असतात, नक्षी छान दिसते म्हणून मालक खूश. चांगले ताजे रेडियल टायर घातले की थांबण्याच्या अंतरात पडणारा फरक कुठल्याही डिस्कपेक्षा आधी जाणवतो.

आकडाच पाहायचा तर असा. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, बऱ्या टायरांनी ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत साधारण ३६ मीटर लागतात. पण धोका दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या एका सेकंदातच गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. वेग १२० केला तर ३६ चे ८० मीटरच्या वर जातात, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पद्मिनी १२० ने पळवू नये हे सांगायला मला मात्र डिस्कची गरज वाटत नाही.

मग डिस्कचा फायदा काय? फायदा आहे, आणि मोठा आहे. पण तो पहिल्या ब्रेकला दिसत नाही. तो दिसतो दहाव्या ब्रेकला.

ब्रेक म्हणजे शेगडी

धावत्या गाडीत ऊर्जा असते. गाडी थांबली की ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते, आणि ती उष्णता ब्रेकच्या लोखंडात शिरते. हजार किलोची गाडी ताशी ८० वरून शून्यावर आणली की जवळजवळ २४७ किलोज्यूल उष्णता तयार होते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ९० अंशांच्या जवळ न्यायला एवढीच लागते. चहाचे आधण एका ब्रेकमध्ये!

यातला दोन तृतीयांश वाटा पुढच्या चाकांना. पुढे चार-चार किलोच्या दोन ओतीव लोखंडी डिस्क असतील, तर त्या एका दमदार ब्रेकने सुमारे ४५ अंशांनी तापतात. एकदाच थांबलात तर काहीच नाही. पण लागोपाठ पाच-सहा वेळा, मध्ये गार व्हायला वेळ न देता? प्रत्येक वेळी आधीच्या तापमानावर आणखी भर पडत जाते.

घाटाचे गणित याहून भारी. आपल्याकडची माणसे चिखलदऱ्याला जातात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे आणि परतवाड्याकडे उतरताना गाडी सातशे मीटरच्या आसपास खाली येते. हजार किलोची गाडी सातशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते, ती ८० च्या वेगातून अठ्ठावीस वेळा गच्च थांबण्याइतकी भरते. खालचा गिअर टाकला तर त्यातली बरीचशी इंजिन खाते, थोडी वारा खातो. न्यूट्रलमध्ये उतरलात तर इंजिन हात वर करते आणि जवळजवळ सगळा बोजा ब्रेकवर येतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जड वाहनांचे जे भीषण अपघात झाले, त्यांच्या चर्चेत डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याची ही सवय वारंवार पुढे आली, ती याचसाठी.

ब्रेक तापला की तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात, आणि त्या तिन्ही वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, ड्रमच मोठा होतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती लाल होईपर्यंत तापवतो, कारण तापलेली धाव फुगते आणि लाकडी चाकावर अलगद बसते. ब्रेकच्या ड्रमचे तसेच होते. फरक एवढाच की तिथे जे हवे असते ते इथे नको असते. ब्रेक शू ड्रमच्या आतल्या बाजूने बाहेर दाबले जातात. ड्रम तापून फुगला की तो शूपासून लांब जातो आणि त्याला गाठायला पेडल आणखी खाली दाबावे लागते. डिस्क मात्र दोन पॅडच्या चिमट्यात असते. ती तापून जाड झालीच तर पॅडच्या जवळ येते, दूर जात नाही.

दुसरी, लायनरचा मसालाच ढिला पडतो. लायनर ज्या राळेने बांधलेले असते ती अति तापल्यावर वायू सोडू लागते आणि घर्षण घटते. पेडल टणक लागते, पण गाडी धरत नाही. जळका वास येतो तो याच वेळी.

तिसरी सगळ्यांत घातक. ब्रेक ऑइल उकळते. हे तेल हवेतली ओल शोषून घेते आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू धाडकन खाली येतो. डॉट ३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत टिकले पाहिजे असा दंडक आहे, ओल शोषलेल्या तेलासाठी मात्र ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ फळीला टेकते. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असे सांगतात ते दुकानदाराच्या गल्ल्यासाठी नव्हे.

ड्रमचा एक छुपा गुण

एवढे ऐकून ड्रम म्हणजे निव्वळ अडगळ असे वाटेल. तसे असते तर तो अर्धशतक टिकला नसता. ड्रममध्ये दोन शू असतात. त्यांपैकी एक अशा बाजूने टेकतो की फिरणारा ड्रमच त्याला आपल्याबरोबर ओढत आणखी आत रुतवतो. म्हणजे तुम्ही थोडे दाबले की उरलेले काम चाक स्वतःच करते. म्हणूनच पद्मिनीसारखी गाडी बूस्टरशिवायही साध्या पायाने थांबायची.

पण हाच गुण उलटतोही. घर्षण थोडे वाढले तर पकड भलतीच वाढते, थोडे घटले तर भलतीच घटते. डाव्या ड्रममध्ये चमचाभर पाणी शिरले आणि उजवा कोरडा राहिला, की ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. आपल्या भागातल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवरून पावसाळ्यात गाडी काढलेल्या कुणालाही हे सांगायला नको. चिखल एकदा ड्रममध्ये बसला की लवकर बाहेर येत नाही. डिस्क उघडी असते, पाणी लगेच झटकून टाकते. आणि तिची पकड पेडलच्या जोराच्या सरळ प्रमाणात राहते. दुप्पट दाबा, दुप्पट लागेल.

डिस्कची ही सरशी शर्यतीच्या मैदानावर जगाला पटली. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच घेतले होते, पण पन्नास वर्षे ती कल्पना जवळजवळ तशीच पडून होती. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मॉ इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप ही गाडी डनलपच्या डिस्क ब्रेकवर धावली आणि जिंकली. ड्रमवाल्यांच्या गाड्या काही कमी वेगवान नव्हत्या. पण त्यांच्या चालकांना रात्रभरात तापलेले ब्रेक सांभाळत वळणाच्या बरेच आधी पाय काढावा लागे. जॅग्वारचे चालक तासामागून तास त्याच ठिकाणी, तितक्याच उशिरा ब्रेक मारू शकत होते. दोन वर्षांनी सित्रोएन डीएस पुढच्या डिस्कसह बाजारात आली, १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ ला पुढे डिस्क मिळाल्या आणि १९६२ च्या एमजीबीला तर जन्मापासूनच होत्या.

पायापासून चाकापर्यंत

डिस्कला ड्रमसारखी स्वतःला ओढून घेण्याची सवय नाही. मग तो जोर आणायचा कुठून? इथे शाळेतला पास्कलचा नियम कामाला येतो. बंदिस्त द्रवावर एका टोकाला दाब दिला की तोच दाब सगळीकडे पोचतो. जिथे पिस्टन मोठा, तिथे जोर मोठा.

तुम्ही पेडलवर ३० किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट, म्हणजे १५० किलो होऊन मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर पडतो. त्या पिस्टनचा व्यास १९ मिलिमीटर असेल तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलो दाब तयार होतो. चाकावरच्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन ४८ मिलिमीटरचा असेल, तर तो पॅडला तब्बल ९५० किलोंनी दाबतो. दोन बाजूंचे दोन पॅड मिळून डिस्कला अडवणारे घर्षण ७६० किलोंच्या आसपास. चाकाच्या कडेपर्यंत, म्हणजे रस्त्यापर्यंत पोचताना त्यातले २३५ किलो उरतात, कारण पॅड चाकाच्या मध्याजवळ असतो आणि टायर लांब. दोन पुढची चाके मिळून ४७० किलो. कोरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड पूर्ण वापरायला हे जेमतेम पुरते. पण त्यासाठी दर वेळी एवढ्या जोराने पाय दाबायला हवा, नाहीतर बूस्टर लावायचा, म्हणजे इंजिनातली पोकळी वापरून पेडलला मदत करणारा मोठा डबा. डिस्क बसवल्यावर "ब्रेक आधीपेक्षा हार्ड झाला" ही तक्रार येते, ती बहुतेक वेळा बूस्टर न लावल्यामुळे.

डिस्कचा व्यास वाढवला की काय होते तेही यातच आले. पॅड मध्यापासून जितका लांब, तितकी तीच पकड जास्त उपयोगी, शिवाय लोखंड जास्त म्हणून तापणे कमी.

आता मास्टर सिलिंडर. कॅलिपरचा पिस्टन एवढा मोठा, तर त्याला तेलही भरपूर लागणार, मग पेडल खोल जाईल ना? इथे कॅलिपरमधली एक छोटीशी गंमत पाहण्यासारखी आहे. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचे एक रबरी सील असते. पिस्टन पुढे सरकतो तेव्हा ते सील जागचे न हलता नुसते मुरडते. पाय काढला की मुरडलेले रबर सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. स्प्रिंग नाही, काही नाही. पॅड डिस्कपासून इतका जवळ राहत असल्याने पिस्टनला अर्धा मिलिमीटर सरकणे पुरते. दोन चाकांना मिळून दोन घन सेंटिमीटरपेक्षा कमी तेल, आणि पेडल सव्वा इंचाच्या आसपास खाली. मास्टर सिलिंडर १९ ऐवजी २२ मिलिमीटरचा लावला तर पेडल आखूड आणि टणक होते, पण त्याच पायाचा दाब सव्वापेक्षा जास्त पटीने घटतो. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत.

एक बारकावा मात्र भल्याभल्यांच्या हातून सुटतो. ड्रमच्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक चिमुकला व्हॉल्व्ह असतो, तो पाय काढल्यावरही नळीत थोडा दाब शिल्लक ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबरी कपांतून हवा आत येत नाही. हाच व्हॉल्व्ह तसाच ठेवून पुढे डिस्क जोडल्या, की तो उरलेला दाब पॅडला डिस्कवर सतत घासत ठेवतो. गाडी चार किलोमीटर चालली की पुढची चाके हात लावू देत नाहीत, मायलेज पडते आणि मालक म्हणतो, "डिस्कच खराब आहे." डिस्क खराब नसते. मागच्या ड्रमसाठी तो व्हॉल्व्ह ठेवायचा आणि पुढच्या नळीतून काढायचा असतो.

चौकट : डिस्कआधी हे करून पाहा

● टायरच्या बाजूवर छापलेला तारखेचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.
● ब्रेकचे रबरी होज बदला. जुना होज आतून सुजतो, तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. गाडी एका बाजूला ओढण्याचे हे नेहमीचे कारण.
● ड्रम लेथवर गोल करून घ्या, पण ड्रमवर दिलेल्या कमाल व्यासाच्या आत.
● नवे लायनर, शूचे अ‍ॅडजस्टमेंट, नवे ब्रेक ऑइल आणि चारही चाकांतली हवा नीट काढणे.
● मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर दोन सर्किटचा टँडम बसवण्याचा विचार करा. एक नळी फुटली तरी दोन चाकांचे ब्रेक शाबूत राहतात.
● जुने लायनर काढताना धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसा.

माझे मत विचाराल तर दहापैकी आठ पद्मिनींचे काम या चौकटीतच भागते. नीट जमवलेला ड्रम ब्रेक कसा लागतो हे आपण विसरलोच आहोत, कारण नीट जमवलेले ड्रम आता दिसतच नाहीत.

तरीही बसवायचीच असेल तर

दुसऱ्या गाडीचा कॅलिपर आपल्या गाडीच्या स्टब अ‍ॅक्सलवर सरळ बसत नाही, मधे लोखंडी ब्रॅकेट लागतो. त्या ब्रॅकेटवर काय भार येतो ते वर निघालेच आहे : एका जोरदार ब्रेकला साडेसातशे किलोंच्या वर. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात दारे-खिडक्यांच्या पट्टीतून असा ब्रॅकेट करून घेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पुरेशा जाडीच्या पोलादाचा, मशीनवर कापलेला ब्रॅकेट आणि डोक्यावर ८.८ किंवा १०.९ चा शिक्का असलेले बोल्ट, याहून कमी काही नको. कॅलिपर १४ इंची रिमच्या आत मावतो की नाही हे चाक हाताने पूर्ण फिरवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघायचे. होज वळणावर कुठे ताणला किंवा टायरला घासला तर सगळे व्यर्थ.

मग तोल. पुढचा ब्रेक फार ताकदवान झाला आणि मागचा तोच राहिला, तर पुढची चाके लवकर लॉक होतात आणि मागच्यांची पकड वापरलीच जात नाही. पावसातले ते ६००-४०० चे गणित आठवा. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांचा वाटा वाढतो, नेमका तेव्हाच जास्त तगडा पुढचा ब्रेक आडवा येतो आणि थांबण्याचे अंतर वाढवतो. लॉक झालेल्या पुढच्या चाकांनी स्टिअरिंगही चालत नाही. याच्या उलट, मागचे चाक आधी लॉक झाले तर गाडी गरकन फिरते, आणि ते जास्त वाईट. म्हणून पुढचे किंचित आधी, पण किंचितच. यासाठी मागच्या नळीत दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवतात. तो मागचा दाब फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. पुढे अवाढव्य डिस्क लावून नंतर मागे व्हॉल्व्ह फिरवत बसणाऱ्यांनी हे आधी वाचलेले बरे.

आणि कागदपत्रे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की आरसीवर नोंदलेले तपशील मूळ कंपनीच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका आणखी कडक केली. खासगी मोटारीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणीसाठी तपासणी लागते, तेव्हा वर्ध्याच्या एमएच-३२ वाल्यांनी काम हाती घेण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे, नंतर नव्हे. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदता येते. पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. म्हणून मूळ भागांना ड्रिल लावू नका, काही कापू नका, काढलेले ड्रम तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

नव्या डिस्कवर पहिल्याच दिवशी घाट उतरायचा नाही. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, प्रत्येक वेळी मध्ये थोडे चालवून गार होऊ द्या, आणि या काळात पेडल दाबून गाडी पूर्ण उभी करून ठेवू नका, नाहीतर तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कच्या एकाच जागी उमटतो आणि पुढे पेडल थरथरत राहते. त्यानंतर पुन्हा तीच मैदानातली परीक्षा, या वेळी एक माणूस बाहेर उभा करून. कोणते चाक आधी लॉक होते हे आतून कळत नाही. आधी कोरड्या जमिनीवर, मग पाणी शिंपडून.